न ओळखायला काय झालं!

दारावरची घंटा वाजली तेव्हा मालकीण पलंगाखाली होती. ठकूचा डाव्या पायातला मोजा सापडत नव्हता. ठकू अजून रांगत होती, पण तिचे मोजे मात्र केव्हाच घर सोडून चालायला लागले होते. कधीही बघावं तर तिच्या एका पायात मोजा असे आणि दुसऱ्या मोज्याच्या मागावर आई असे.

मालकीण हे नाव पाहुण्यांनी दिलेलं. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई भारदस्त असेल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असेल. प्रत्यक्षात हिच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला ओघळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि मालकी म्हणाल तर बाहेरचा जिना चढून गेल्यावर लागणारी एक खोली. पलंग, टेबल, खुर्ची, टेबललॅम्प आणि खिडकीतून दिसणारं शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड. ही खोली ती दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना देई. नोकरी सोडल्यावर, बाळ सांभाळून करता येईल असं काम म्हणून तिने हे सुरू केलं. बाळ सांभाळून काहीच करता येत नाही, हे तिला त्यानंतर कळलं.

खोलीच्या जाहिरातीत तिने स्वतः एक वाक्य लिहिलं होतं : ‘आमच्याकडे दुसऱ्यांदा येणारा पाहुणा नसतो, घरचाच असतो.’ कॉलेजात निबंधाची बक्षिसं मिळवलेल्या मुलीला असली वाक्यं सुचतात. अडचण एवढीच होती की तिला चेहरे लक्षात राहत नसत. राहणार कसे? पाहुणा दारात उभा असे तेव्हा तिचं सगळं लक्ष खाली. ठकूने त्याच्या बुटाची नाडी तोंडात घातली का, बॅगेच्या चाकाखाली बोट गेलं का. किल्ली ती पाहुण्याच्या हातात देई, पण बघत असे फरशीकडे. पाहुणा तिला दोन मिनिटं दिसे आणि तो गेल्यावर त्याची खोली मात्र ती सकाळभर आवरत बसे. त्यामुळे माणसं तिला तोंडावरून ओळखू येत नसत, त्यांनी मागे टाकलेल्या पसाऱ्यावरून येत. एक होते ‘चहाचा डाग’. एक बाई ‘अत्तर’. त्या गेल्यावर पुढचे दोन पाहुणे शिंकत होते. एक होता ‘मोजेवाला’. आणि एक जोडपं होतं ‘उशांचा किल्ला’. त्यांनी पलंगाच्या मधोमध उशांची भिंत घातली होती, उशा कमी पडल्या म्हणून खुर्चीची गादीही लावली होती, आणि न्हाणीघराच्या जाळीत बाईंच्या लांबसडक केसांचा गुंता अडकला होता. तो गुंता काढताना मालकिणीला त्या संसाराची इतकी काळजी वाटली की तिने त्या दिवशी नवऱ्याशी उगाचच गोड बोलून घेतलं.

ही नावं फक्त नवरा-बायकोत होती. बाहेर गेली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पण ती जागा तशीही गेलीच होती. मागच्या आठवड्यात एका पाहुण्याने खोलीबद्दल सगळं छान लिहून शेवटी लिहिलं होतं, ‘तिसऱ्यांदा आलो. मालकीणबाईंनी प्रेमाने विचारलं, पहिल्यांदाच येताय ना, घर सापडायला त्रास नाही ना झाला?’ नवऱ्याने ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याला हसताना ठसका लागला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “घरचाच असतो ना म्हणे?” एवढंच.  त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं, आता यापुढे जो कोणी ‘परत आलो’ म्हणेल, त्याला ओळखायचं. ओळखत नसलो तरी ओळखायचं.

तर घंटा वाजली, आणि ती एका मोज्याची ठकू काखेला मारून दारात गेली.

दारात एक काका उभे होते. साठीचे, गोल चेहऱ्याचे, हातात बॅग आणि तोंडभर हसू. मागे फाटकाशी एक काकू टॅक्सीवाल्याकडून आपली छत्री मागून घेत होत्या.

“ओळखलंत का?” काकांनी विचारलं.

ओळखीचा एक तंतूही मालकिणीच्या डोक्यात हलला नाही. बुकिंग तर कुठल्याशा मुलीच्या नावावर होतं. पण तिच्या तोंडातून आपसूक निघालं, “अहो, न ओळखायला काय झालं!”

काकांचा चेहरा असा उजळला, की तिला क्षणभर आपण काहीतरी पुण्याचं काम केलं असं वाटलं. ते मागे वळून ओरडले, “अगं, बघ! म्हटलं नव्हतं तुला? ही मुलगी माणूस विसरत नाही!”

काकू छत्री घेऊन आल्या. केस अगदी बारीक कापलेले, पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आधी ठकूकडे पाहिलं. “हिचा दुसरा मोजा कुठाय?”

“शोधतेच आहे,” मालकीण म्हणाली आणि का कोण जाणे, तिला गृहपाठ न केल्यासारखं वाटलं. ते वाटणं बरोबर होतं. काकू एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. काका लिफ्टची तपासणी करत. हे सगळं काकांनी जिना चढता चढता सांगितलं, आणि मालकीण मागून “हो ना, हो ना” म्हणत राहिली, जणू हे सगळं तिला पाठच होतं.

डोक्यात मात्र शोध जोरात चालू होता. वयस्कर जोडपी तिच्याकडे येतच किती? ‘पुन्हा नक्की येऊ’ म्हणून गेलेलं एकच.  उशांचा किल्ला! म्हणजे मिटलं यांचं! परत आले, दोघं मिळून आले! तिला इतका आनंद झाला की आपली काळजी फळाला आली असंच वाटलं.

खोलीचं दार उघडून ती म्हणाली, “काका, या वेळी दोन उशा जास्तीच्या ठेवल्यात हं. मागच्या वेळी तुम्हाला कमी पडल्या होत्या.”

काकांनी उशांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “कमी... हो हो. पडल्या होत्या खऱ्या.”

“तुम्हाला?” काकू म्हणाल्या. “तुम्ही तर उशीसुद्धा घेत नाही डोक्याखाली. मान धरते म्हणता.”

“प्रवासात घेतो कधी कधी,” काका म्हणाले.

“आणि काकू, हा आरसा बघा,” मालकिणीला आता सूर सापडला होता. “खिडकीजवळ आणून लावला. तुम्ही केस विंचरायच्या तिकडे कोपऱ्यात फार अंधार होता.”

“मी विंचरायचे?”

“म्हणजे... तुम्हीच ना?” मालकिणीने पहिल्यांदा त्यांच्या डोक्याकडे नीट पाहिलं. तिथे विंचरण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिथेच थांबली असती तर ही गोष्ट पुढे गेलीच नसती. पण घाबरलेलं माणूस गप्प बसत नाही. “तेव्हा तुमचे केस केवढे लांब होते, नाही?”

खोलीत एवढी शांतता पसरली की काकांनी दाराशी काढलेल्या बुटाची नाडी ठकूने चोखल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“माझे केस,” काकू एकेक शब्द वेगळा करत म्हणाल्या, “नोकरीला लागले तेव्हापासून एवढेच आहेत. आणि या खोलीत मी आज पहिल्यांदा पाऊल टाकतेय.” त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या. “मागच्या वेळी तुम्ही इथे एकटे होता ना? की असंच मला सांगितलं होतंत?”

“एकटाच गं! लिफ्टच्या कामाला कोण येणार बरोबर?”

“मग उशा कोणाला कमी पडल्या?”

काकांनी मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीने फरशीकडे. तिने ठकूला उचललं, “पाणी घेऊन येते” असं काहीतरी पुटपुटली आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की पाण्याची सुरई तर टेबलावर भरूनच ठेवली होती.

खाली अंगणात काका तिच्या मागोमाग आले. पायांत बूटही नव्हते, यावरून निघण्याची घाई कळत होती.

“मालकीणबाई, अहो, असं काय करता? मी एकटाच होतो ना हो?”

“मला काय माहीत!” ती रडवेली होऊन म्हणाली. “म्हणजे असालच. पण मग उशांना ‘हो हो’ कशाला म्हणालात?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून! म्हटलं, पोरीने एवढ्या मायेने ठेवल्यात. शिवाय रस्ताभर मी हिला सांगत आलो, की तिथली मुलगी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मग तुम्ही चुकताय असं म्हणू कसं?”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच लिहिलंय की जाहिरातीत!”

मालकिणीचे कान गरम झाले. “काका, खरं सांगते. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. मी तुम्हाला ओळखलंच नाही. अजूनही ओळखलेलं नाही.”

काकांचा चेहरा पडला. या सगळ्या गोंधळात त्यांना सर्वांत जास्त लागलं ते हे, असं दिसलं. “अजिबात नाही? आपण लिंबाच्या झाडाबद्दल केवढं बोललो होतो.”

“माफ करा.”

“असू दे,” ते म्हणाले. “पण मग आता हे वर जाऊन सांगा. माझं ऐकणार नाही ती.”

वर जायची वेळ आली नाही. काकू स्वतःच खाली आल्या होत्या. त्यांनी काकांना नजरेनेच अंगणात थांबवलं, मालकिणीला स्वयंपाकघरात नेऊन खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “बैस.”

ती बसली. ठकूही बसली.

“घाबरू नकोस. खरं काय ते सांग, मी रागावणार नाही.”

या वाक्यानंतर आजवर कोणत्याच शाळेत कोणाचं भलं झालेलं नाही. मालकीण भडाभडा बोलत सुटली. “काकू, मला चेहरे लक्षात राहत नाहीत, मी काकांना ओळखलंच नव्हतं. ते ‘ओळखलं का’ म्हणाले, मी उगाच ‘हो’ म्हटलं. सगळं अंदाजाने बोलले.”

“उशा?”

“अंदाजाने.”

“आरसा?”

“तोही अंदाजच.”

“आणि लांब केस? ते हवेतून आले?”

आता लांब केस न्हाणीघराच्या जाळीतून आले, असं कसं सांगणार? एकाच्या खोलीतली गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा एकच नियम ती आजवर कसोशीने पाळत आली होती. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याने घात केला.

काकूंचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ आवाज रागापेक्षा वाईट होता. “चांगल्या घरची दिसतेस. कोणाचा संसार आपल्यामुळे मोडू नये म्हणून आता खोटं बोलतेयस. पण मुलं खरं आधी बोलतात आणि खोटं मागाहून रचतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय.”

“काकू, शपथ घेऊन सांगते, मी आधी खोटं बोलले आणि आत्ता खरं बोलतेय!”

“असं म्हणणाऱ्यांनाच मी बाकावर उभं करत असे.”

एवढ्यात सासूबाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. दाराशी त्यांनी अर्धवट ऐकलं होतं, आणि अर्धवट ऐकून त्यांना सुनेचा कैवार आला. लग्न झाल्यापासून मालकीण ज्या कौतुकाची वाट पाहत होती, ते नेमकं त्या क्षणी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. “आमच्या सुनेला चेहरे लक्षात राहत नाहीत? काय बोलता! एकदा पाहिलेला माणूस ती जन्मात विसरायची नाही. हुशार आहे पोरगी. ती म्हणतेय ना लांब केस, म्हणजे असणारच लांब केस!”

“आई...” मालकीण म्हणाली.

“तू गप्प बैस. तुझ्या या भिडेपोटीच लोक तुझ्यावर चढून बसतात.”

काकू उठल्या. “आभारी आहे,” त्या सासूबाईंना म्हणाल्या आणि ताठ पाठीने जिना चढून गेल्या. अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या काकांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळी घरी आलेल्या नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “अगं, पण हे काका आपल्या नावांपैकी नक्की कोण? डाग, अत्तर, की काय?”

“तेच तर आठवत नाहीये!” ती म्हणाली. “एका माणसाचं घर मोडायला निघालेय, आणि तो माणूस कोण, हेच मला माहीत नाही.”

सकाळी काकू लवकरच खाली आल्या, बॅगेसकट. अंगणातल्या खुर्चीवर त्या विणकाम घेऊन बसल्या. सुया अशा चालत होत्या की बघणाऱ्याने दोन हात लांब उभं राहावं. मालकिणीने चहा नेऊन ठेवला.

“दुपारच्या बसने मी मुलीकडे जातेय,” त्या लोकरीकडे बघत म्हणाल्या. “यांना राहू दे. त्यांना खोली आवडते. यायचं तेव्हा येतील, ज्यांच्याबरोबर यायचं त्यांच्याबरोबर.”

“काकू, काल रात्री...”

“तुझ्या जास्तीच्या उशा उपयोगी पडल्या. मध्ये लावल्या.”

मालकिणीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. म्हणजे किल्ला उभा राहिला होता! जो किल्ला या बिचाऱ्यांचा नव्हताच, तो तिने दोन उशा पुरवून बांधून घेतला होता. कोपऱ्यात काका चहाचा कप हातात धरून उभे होते. चहा निवून त्यावर साय आली होती. त्यांचा तो गोल चेहरा एका रात्रीत उतरलेला होता, आणि तरीही तिला तो आठवत नव्हता. याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

काहीतरी करायला हवं म्हणून तिने धुतलेले टॉवेल उचलले, ठकूला सासूबाईंकडे दिलं आणि ती वरच्या खोलीत गेली.

दार ढकललं, आणि ती उंबऱ्यातच थबकली.

उशांच्या भिंतीच्या अलीकडे चादर ताणून, कोपरे दुमडून ठेवलेली होती. ती बाजू काकूंची. पलीकडच्या बाजूला ओला टॉवेल हातपाय पसरून झोपला होता. त्याच्यावर वर्तमानपत्र. वर्तमानपत्रावर बिस्किटांचा चुरा. साबणाच्या डबीत केळ्याचं साल. आणि टेबललॅम्पच्या टोपीवर, दोन्ही बाजूंना एकेक, वाळत घातलेले राखाडी मोजे.

मालकीण लॅम्पपाशी धावली. तिने टोपी फिरवली. भिंतीकडची बाजू पुढे आली, आणि तिच्यावर तो तपकिरी, करपलेला, बोटांच्या आकाराचा डाग होता. गेल्या वेळी मोज्यांनीच पाडलेला. टोपी टाकवत नव्हती म्हणून तिने डाग भिंतीकडे करून ठेवला होता.

“मोजेवाले!” ती ओरडली. “काका! तुम्ही मोजेवाले!”

ती लॅम्प हातात घेऊनच जिना उतरली. मागून वायर पायऱ्यांवर आपटत होती आणि टोपीवरचे मोजे डोलत होते. अंगणात येऊन ती काकांसमोर उभी राहिली आणि आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “ओळखलं! काका, आता खरंच ओळखलं! अहो, न ओळखायला काय झालं!”

काकूंच्या सुया थांबल्या. “हे काय आहे?”

“काकू, मला चेहरे आठवत नाहीत, पण खोल्या आठवतात. सगळ्या. काकांचीसुद्धा आठवते. मागच्या वेळी असेच मोजे लॅम्पवर होते, हा बघा डाग. ओला टॉवेल पलंगावर, उरलेल्या पलंगावर वर्तमानपत्रं. सगळ्या पलंगावर! दुसरं माणूस झोपायला जागाच नव्हती. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, तो इतका उंच की मला आधी कोणीतरी बसलंय असंच वाटलं. कप एकच. त्या एकाच कपात चहा, त्यातच दाढीचं पाणी. आणि केळ्याची सालं...”

“थांब,” काकूंनी हात वर केला. चष्मा नाकाच्या शेंड्यावरून वर गेला. “सालं कुठे होती?”

“साबणाच्या डबीत.”

“आणि साबण?”

“खिडकीत. काकांना वाटलं असेल, तिथे लवकर वाळतो.”

काका आपल्या चपलांकडे बघू लागले.  काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि एखाद्या अवघड पेपराचा निकाल सांगावा तशा त्या म्हणाल्या, “हा माणूस एकटाच होता.”

“मी तेच म्हणत होतो!” काका म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. अशा खोलीत कुठलीही बाई तासभरसुद्धा थांबली नसती. मी थांबले, ती लग्न होऊन बसलं होतं म्हणून.” आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. मालकीण घाबरली, पण काकू हसत होत्या. आवाज न करता, शाळेत प्रार्थनेच्या वेळी हसू आल्यावर हसतात तशा.

काका निर्दोष सुटले, पण सुटून त्यांना फार बरं वाटलं असं दिसलं नाही. “मोजेवाला म्हणता मला?” त्यांनी हळूच विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मालकिणीने मान खाली घालून सांगितलं, की ती सगळ्यांनाच अशी नावं ठेवते. सांगताना तिला वाटलं, आपण दारामागे कान लावून उभे असताना पकडले गेलोय.

“मग मला काय नाव ठेवणार?” काकूंनी विचारलं.

“तुम्ही काही मागे ठेवतच नाही, काकू. चादरसुद्धा घडी घालून.”

“म्हणजे पुढच्या वेळी ओळखणार नाहीस.”

“काकू, तुम्हाला मी कशी विसरेन!” ती कळवळून म्हणाली. “आता काय वाट्टेल ते झालं तरी तुमचा चेहरा विसरायची नाही.”

“बघू,” काकू म्हणाल्या आणि ठकूच्या उघड्या पायाला चिमटा काढत लोकर पुन्हा हातात घेतली. दुपारची बस त्यांच्याशिवाय गेली.

ते दोघं गेले त्याच दिवशी मालकिणीने जाहिरातीतलं वाक्य काढून टाकलं. त्या जागी सरळ लिहिलं : ‘आधी येऊन गेला असाल तर कृपया आल्या आल्या सांगा.’ सासूबाईंना ते वाक्य आवडलं नाही. “भुकेल्याला जेवलास का विचारल्यासारखं वाटतं,” त्या म्हणाल्या. पण मालकिणीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता ती दारातच विचारून टाकी, आणि लोक सांगत. कोणी रागावत नसे. इतकं सोपं होतं तर आपण एवढा तमाशा का केला, असं तिला वाटे. मग त्या तमाशाची आठवण येऊन ती एकटीच लाजे.

दिवस गेले. ठकू चालायला लागली, पळायला लागली, आणि मोजे हरवण्याचं काम तिने घराबाहेरही नेलं. एका सकाळी कुठल्याशा भाचीच्या नावावर बुकिंग होतं आणि दारात एक बाई उभ्या राहिल्या. मानेवर रुळणारे पांढरे केस, उन्हाचा काळा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी.

“माफ करा हं,” मालकीण ठरल्याप्रमाणे म्हणाली, “मला चेहरे लक्षात राहत नाहीत. तुम्ही याआधी आला होतात का?”

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच.”

मालकिणीला हायसं वाटलं. नव्या पाहुण्याला दाखवतात तसं तिने सगळं दाखवलं. गरम पाण्याचा नळ डावीकडचा, खिडकीची कडी जोराने लावायची. बाईंनी लॅम्पवरच्या डागाकडे बोट केलं. “हा कसला?”

आणि बाई ऐकणाऱ्या दिसल्या म्हणून मालकिणीने सगळी गोष्ट सांगितली. मोजेवाले काका, उशा, लांब केस, सासूबाईंची साक्ष. रंगात येऊन तिने ताठ पाठ करून, नाकावर चष्मा ओढल्याचा अभिनय करून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाजही काढून दाखवला : “घाबरू नकोस, मी रागावणार नाही!”

बाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. “फार कडक होती का गं ती?”

“कडक? बापरे. बिचाऱ्या काकांची कीव यावी अशी. पण मनाने चांगली. मला तर तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर दिसतो.”

“असं?” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर निघाल्या. किल्ली दाराच्या कोनाड्यात ठेवून गेल्या. मालकीण बादली-फडकं घेऊन वर गेली, ठकू मागे दुडुदुडु. खोली अशी होती की जणू कोणी राहूनच गेलं नव्हतं. चादर ताणलेली, कोपरे दुमडलेले, खुर्ची टेबलात सरकवलेली, साबण साबणाच्या जागी.

फक्त पलंगाच्या बरोब्बर मध्ये एक ओला टॉवेल पसरलेला होता. मुद्दाम, चारही टोकं सारखी करून. आणि लॅम्पच्या टोपीवर, डागाच्या दोन्ही बाजूंना, दोन इवलेसे लोकरीचे मोजे लटकत होते. हाताने विणलेले, आणि हरवू नयेत म्हणून लांब दोरीने एकमेकांना बांधलेले.

मालकीण मटकन बसली, ती नेमकी त्या ओल्या टॉवेलवर. कालची आपली ताठ पाठ आठवली, तो काढलेला आवाज आठवला, ‘मनाने चांगली’ आठवलं. कानांच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत सगळं पेटलं. ठकूने मोजे ओढून काढले आणि ते पायांत घालण्यासाठी जमिनीवर फतकल मारली.

संध्याकाळी नवऱ्याने ठकूच्या पायांकडे बघितलं आणि तो चकित झाला. “दोन्ही मोजे? काय, आज कोण आलं होतं?”

मालकीण ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने वळून पाहिलं नाही.

“घरचंच होतं कोणीतरी,” ती म्हणाली.